ई-बस डेपोची अग्निसुरक्षा: या चुका टाळा

चार्जरशेजारी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या दिसल्या की समजावं, इथला आराखडा डिझेलच्या जमान्यातला आहे. वरचं नाव तेवढं बदललंय. सांडलेल्या डिझेलवर वाळू कामाची. ई-बसचा बॅटरी पॅक बऱ्याच गाड्यांत छतावर असतो, तिथे बादली घेऊन चढणार कोण? आणि चढलाच कोणी, तरी उपयोग शून्य. एक सेल आतून तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि या साखळीला बाहेरच्या हवेची फारशी गरज नसते. पॅक थंड करावा लागतो, म्हणजे पाणी, आणि तेही भरपूर.

आग विझवायचा सिलिंडर कोणता घ्यायचा?

लिथियम म्हणजे धातू, असं धरून महागडे डी वर्गाचे, म्हणजे धातूच्या आगीसाठीचे, सिलिंडर आणून ठेवलेले मी पाहिलेत. लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतं, त्यामुळे हा खर्च वाया. साधे एबीसी पावडरचे सिलिंडर मात्र हवेतच. बसमधली आग वायरिंग, एसी किंवा जाम झालेल्या ब्रेकपासूनही सुरू होते, आणि ती पॅकपर्यंत जाण्याआधी विझली तर पुढचं सगळं टळतं. पण सिलिंडर टाकून मागे कधी फिरायचं, हे कोणी शिकवत नाही. पॅकमधून फुसफुस आवाज आणि पांढरा धूर यायला लागला की फिरायचं. वाफ असेल म्हणून लोक वाकून बघायला जातात. त्या धुरात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा जहाल वायूही असतो.

'आमच्या बॅटऱ्या एलएफपी आहेत, त्या पेटत नाहीत' हे मीटिंगमधलं ठरलेलं वाक्य. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम-आयनचाच एक प्रकार. एलएफपी सहजासहजी भडकत नाही, हे खरं. पण बिघडली तर वायू सोडतेच आणि बंद शेडमध्ये तो साठतो. बीजिंगमध्ये एप्रिल २०२१ मध्ये वीजसाठवण केंद्रात स्फोट होऊन अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. तिथल्या बॅटऱ्या एलएफपीच होत्या.

गाड्या खेटून लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जर्मनीत स्टुटगार्टच्या बस डेपोत ३० सप्टेंबर २०२१ रोजी आग लागली आणि २५ बस खाक झाल्या. एक बस पेटणं हा अपघात. पंचवीस जळणं हा पार्किंगचा प्रश्न. पुण्या-मुंबईत जागा कुठून आणायची, हे मलाही कळतं. मग निदान काही गाड्यांचा एक गट आणि मध्ये मोकळी पट्टी, एवढं तरी करा. शेजारची गाडी पुढे काढता येईल अशी लावा, मागेपुढे कोंडून नको.

आणि ती काढणार कोण, हेही ठरवा. एका डेपोत रात्री दीड वाजता आम्ही मॉक ड्रिल घेतलं. वॉचमनला सांगितलं, तिसऱ्या लाइनमधल्या गाडीतून धूर येतोय. त्याने धावत जाऊन चार्जरचं इमर्जन्सी बटण दाबलं, शाब्बास. (त्याने चार्जरचा पुरवठा तुटतो, पॅक जिवंतच राहतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.) मग शेजारची बस हलवायची, तर चाव्या ऑफिसच्या कपाटात, कपाटाची चावी सुपरवायझरकडे, सुपरवायझर चहाला. चालक घरी, डेपोत फक्त गाड्या धुणारी पोरं. गाडी हलायला अकरा मिनिटं लागली.

त्यातून भाडेतत्त्वाचा घोळ. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, वाहक आणि डेपो महामंडळाचा किंवा पालिकेच्या परिवहन सेवेचा. म्हणून पहिला फोन जातो साहेबांना, दुसरा ठेकेदाराच्या मॅनेजरला, आणि तिसरा १०१ ला. करारात साफ लिहून घ्या: धूर ज्याला दिसेल, तोच आधी १०१ फिरवेल, परवानगी न घेता.

रस्त्यावर असाल तर हिशेब मिनिटांचा. पॅकमध्ये बिघाड पसरून प्रवाशांना धोका होण्याच्या किमान पाच मिनिटं आधी गाडीने इशारा द्यावा, अशी युनोच्या आर-१०० या ई-गाड्यांच्या सुरक्षेच्या नियमाची अपेक्षा आहे. भरलेल्या बसला पाच मिनिटं पुरतील, ती दरवाजा पहिल्या झटक्यात उघडला तरच. दरवाज्याचा हवेचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह वाहकाला डोळे मिटून सापडला पाहिजे.

अलार्म रिसेट करून गाडी रूटवर पाठवणं

पावसाळ्यात इन्सुलेशनचा फॉल्ट आला की 'ओलावा असेल' म्हणून रिसेट मारतात. एकदा ठीक असेलही. तोच अलार्म पुन्हा आला, किंवा गाडी साचलेल्या पाण्यातून आली असेल, तर ती चार्जिंगला लावू नका, आधी तपासा. खाडीकाठच्या डेपोंनी तर जास्तच सांभाळावं. २०२२ च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या ई-गाड्या नंतर पेटल्या होत्या.

बदली गाड्यांचा विचार कोणी करत नाही. पॅरिसमध्ये एप्रिल २०२२ मध्ये एकाच मॉडेलच्या दोन बस जळाल्यावर तिथली बससेवा चालवणाऱ्या आरएटीपीने त्या प्रकारच्या १४९ बस एकदम थांबवल्या. तुमच्याकडे असं झालं तर दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्या कशा लावणार?

ज्वाळा विझल्या म्हणून गाडी वर्कशॉपच्या पिटवर घेणं

हे करूच नका. आतल्या सेलमध्ये वीज शिल्लक असते आणि ती बस काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेटते. सगळ्या बाजूंनी साधारण १५ मीटर मोकळी जागा हवी, उघड्यावर, हायड्रंटजवळ. एका बंबाच्या पाण्यावर भागणार नाही, हे धरूनच चला. थर्मल कॅमेऱ्याने तापमान पाहत राहा. ही जागा आजच पिवळ्या पट्ट्याने आखा आणि दर आठवड्याला जाऊन बघा, कारण डेपोत मोकळी जागा दिसली की महिनाभरात तिथे जुन्या टायरांचा ढीग लागलेला असतो.