वेताच्या खुर्चीचा झोळ घरीच काढा

जुन्या ऑफिसच्या वेताच्या खुर्च्या वापरून वापरून सैल पडतात. जाळी तुटलेली नसेल, तर विणकर शोधायची घाई नको.

१. खुर्ची उपडी करा. वेताची वरची बाजू चकचकीत असते, ती पाणी पीत नाही. म्हणून पाणी खालूनच द्यायचं.
२. गरम पाण्यात पंचा बुडवून थोडा पिळा आणि जाळीवर अर्धा तास पसरून ठेवा. सागाच्या चौकटीवर ओघळ आला की लगेच पुसा, नाहीतर पॉलिशवर पांढरा डाग उठतो.
३. सावलीत रात्रभर वाळू द्या. तोवर कुणीही बसायचं नाही (पोरांना बजावून ठेवा).

वाळताना वेत आकसतो आणि जाळी ताणली जाते. प्लास्टिकच्या वेतावर मात्र हा उपाय चालत नाही.

खुर्ची सरकारी लिलावातली असेल, तर मागे रंगाने लिहिलेले खात्याचे आकडे घासून काढू नका. स्विस वास्तुकार पिएर जानरे यांनी १९५०च्या दशकात चंदीगडच्या कचेऱ्यांसाठी घडवलेल्या साग-वेताच्या खुर्च्या आज परदेशी लिलावांत लाखोंना जातात, आणि त्या अस्सल आहेत का हे पाहताना असेच आकडे आधी तपासतात.