रोगाच्या नावाचा माग कसा काढावा : ‘डिसेंटरी’चे उदाहरण

पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आले की नाशिकमधल्या घराघरांत आणि दवाखान्यांत ‘जुलाब’, ‘हगवण’, ‘आव’ आणि ‘डिसेंटरी’ हे शब्द ऐकू येऊ लागतात, आणि पुष्कळांना ते एकाच दुखण्याचे पर्याय वाटतात. ते तसे नाहीत. त्यांतला फरक समजून घेण्याचा चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक शब्द कोठून आला हे स्वतः शोधून पाहणे.

शोधाची सुरुवात कोशापासून न करता घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करावी. त्यांच्याकडून सुटा शब्द न घेता पूर्ण वाक्य टिपून घ्यावे, कारण अर्थाचा बराचसा भाग क्रियापदात असतो. आव ‘पडते’, जुलाब ‘होतात’, पोटात मुरडा ‘येतो’. आव म्हणजे शौचावाटे पडणारा चिकट पदार्थ, मुरडा म्हणजे आतडी पिळवटल्यासारखी होणारी वेदना, आणि रक्ती आव म्हणजे तोच चिकट पदार्थ रक्तासह. हा भेद एवढ्या टिपणातूनही स्पष्ट होतो.

त्यानंतर शब्दाचे तुकडे करावेत. ‘डिसेंटरी’ म्हणजे आव पडण्याचा रोग. या शब्दाचे मूळ ग्रीक रूप ‘दुसेंतेरिया’ असे आहे आणि हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या वैद्यकीय लेखनात ते आढळते. त्यातील ‘दुस्’ म्हणजे वाईट किंवा बिघडलेले आणि ‘एंतेरा’ म्हणजे आतडी. हे दोन्ही तुकडे मराठी माणसाला परके नाहीत. ‘दुष्काळ’ आणि ‘दुर्गंधी’ यांच्या आरंभी असलेला उपसर्ग हा त्या ग्रीक ‘दुस्’चा भाऊ आहे, तर संस्कृत ‘अन्त्र’ आणि त्यापासून आलेले आपले ‘आतडे’ हे ‘एंतेरा’चे सख्खे नातलग आहेत. मात्र ग्रीकांनी हे शब्द संस्कृतातून उचलले, असा निष्कर्ष येथे काढू नये. दोन्ही भाषा एकाच प्राचीन पूर्वभाषेतून निघाल्या आणि हा वारसा दोघींकडे स्वतंत्रपणे उतरला.

ध्वनिबदलाचा नियम तपासणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. ‘आव’ हा शब्द ‘आम’पासून आला असे म्हणायचे असेल, तर त्याच वाटेने आलेले दुसरे शब्द दाखवता आले पाहिजेत. ते दाखवता येतात : नाम–नाव, ग्राम–गाव. जुन्या लेखनात नांव, गांव, आंव असा अनुस्वार दिला जाई. तो त्या हरवलेल्या ‘म’ची खूण होता आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर तो गेला. संस्कृत ‘आम’चा अर्थ कच्चे, न पचलेले असा आहे, आणि ग्रीकमधील ‘ओमोस’, म्हणजे कच्चा, हाही त्याचाच भाऊबंद आहे. अशी जोड देणारी उदाहरणे मिळत नसतील, तर व्युत्पत्ती कितीही सुंदर असली तरी थांबावे. शूर्पणखेच्या नाकाची आणि नऊ शिखरांची अशा नाशिकच्या नावाच्या दोन कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि कथा रंगतदार असणे हा पुरावा नव्हे.

जुन्या अर्थासाठी मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती जरूर पाहावी. १८४०पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय नाशिककरांजवळ आहे, त्याचाही अशा कामी उपयोग करून घ्यावा. कोश पाहताना शब्दाचा अर्थ काळाबरोबर सरकला आहे का, याकडे लक्ष असू द्यावे. ‘जुलाब’ हे याचे मला विशेष आवडते उदाहरण आहे. फारसी ‘गुलाब’ म्हणजे गुल आणि आब, फूल आणि पाणी, अर्थात गुलाबपाणी. अरबीत त्याचे ‘जुलाब’ झाले आणि ते औषधी सरबताचे नाव बनले. पुढे पोट साफ करणाऱ्या औषधाला ते लागले, आणि शेवटी त्या औषधाचा परिणामही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मुघल काळात ज्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत, तेथल्या लोकांच्या तोंडी ‘गुल’ असा दोन वाटांनी आला.

यानंतर इतर भाषांनी रोगाचे कोणते लक्षण नावासाठी निवडले, ते पाहावे. ‘अतिसार’ने वाहणे निवडले, इंग्रजी ‘डायरिया’चाही ग्रीक अर्थ आरपार वाहणे असाच आहे. फारसीतून हिंदीत आलेली ‘पेचिश’, गुजराती ‘मरडो’ आणि आपला ‘मुरडा’ यांनी पिळवटणे पकडले. जपानीने ‘सेकिरी’ या शब्दात लाल रंग ठेवला. याच सेकिरीच्या साथीत कियोशी शिगा यांनी १८९७मध्ये रोगाचा जीवाणू शोधला आणि त्या जीवाणूला ‘शिगेला’ हे नाव त्यांच्यावरून मिळाले. सह्याद्रीत वाढणाऱ्या कुड्याच्या जुन्या शास्त्रीय नावातील ‘अँटीडिसेंटेरिका’ हा भागही याच ग्रीक शब्दाचा आहे, कारण कुड्याची साल आवेवर देण्याची रीत जुनी आहे.

शेवटी सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावध राहावे. मराठीत ‘आमाशय’ म्हणजे जठर. बंगालीत मात्र हाच शब्द आवेच्या रोगासाठी वापरतात. त्यामुळे सराफ बाजारातल्या एखाद्या बंगाली कारागिराने आपल्याला ‘आमाशय’ झाल्याचे सांगितले, तर जठराचे दुखणे समजून त्याला पित्ताची गोळी देऊ नये. शौचातून रक्त पडते का हे विचारावे, आणि पडत असेल तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.