ड्रॅग शर्यतीच्या मोटारीत एक्झॉस्ट पाइपची लांबी कशी जुळवावी

ड्रॅग शर्यतीत मोटार उभ्या जागेवरून सुटते आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, सरळ अंतर कमीत कमी वेळात कापते. या धावेत इंजिन बहुतेक वेळ पूर्ण थ्रॉटलवर आणि आरपीएमच्या (दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) अरुंद पट्ट्यातच फिरत असल्यामुळे, रस्त्यावरच्या गाडीत फारशी न जाणवणारी पाइपची लांबी येथे महत्त्वाची ठरते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लहर पाइपमधून पुढे धावते, आणि पाइप जेथे मोठ्या पोकळीत उघडतो तेथून ती कमी दाबाची लहर होऊन परत फिरते. एक्झॉस्ट आणि इनटेक (मिश्रण आत घेणारा) हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ही लहर सिलिंडरपाशी पोहोचली, तर जळका वायू ओढून निघतो आणि ताजे मिश्रण आत येण्यास मदत होते. पाइप लांब असेल तर हा मेळ कमी आरपीएमला बसतो, आखूड असेल तर जास्त आरपीएमला.

म्हणून आधी आरपीएम ठरवावा. गिअर ७,५०० ला बदलत असाल आणि बदलल्यावर इंजिन ६,००० वर उतरत असेल, तर मधला ६,८०० च्या आसपासचा आकडा धरावा. डायनोवरच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या) सर्वोच्च अश्वशक्तीच्या मोहात पडू नये, कारण गाडी त्या एका बिंदूवर फार थोडा वेळ असते.

नंतर कॅमशाफ्टसोबत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यासोबत) आलेले, व्हॉल्व्ह केव्हा उघडतात ते सांगणारे कार्ड पाहावे. पिस्टन तळाशी पोहोचण्यापूर्वी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकशाफ्टच्या फिरण्यात जितके अंश आधी उघडतो, त्यात १८० मिळवावेत. या बेरजेला २,१६० ने गुणून आरपीएमने भागावे आणि सिलिंडर हेडमधल्या पोर्टसाठी (वायू बाहेर जाण्याच्या वाटेसाठी) ७.६ वजा करावेत; उत्तर सेंटीमीटरमध्ये येते. शेवरलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनात व्हॉल्व्ह ८० अंश आधी उघडणारा कॅम असेल, तर २६० अंश आणि ६,८०० आरपीएमला प्रत्येक प्रायमरी पाइप (एकेका सिलिंडरमधून निघणारा पाइप) सुमारे ७५ सेंटीमीटरचा येतो. हे अनुभवातून आलेले सूत्र आहे. त्याने केवळ सुरुवातीची जागा कळते.

लांबी पाइपच्या मध्यरेषेवरून मोजावी. वळणांवर फूटपट्टी फसवते, तेव्हा वाकणारी तार पाइपच्या मधोमध घालून ती सरळ करून मोजलेली बरी. सर्व पाइप शक्य तितके समान ठेवावेत. मात्र स्टिअरिंग आणि चासी आड येतात, त्यामुळे दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकाचा बाऊ करू नये.

खरी जुळणी कलेक्टरवर होते, म्हणजे प्रायमरी पाइप जेथे एकत्र येतात त्या जाड नळीवर. तिला मुद्दाम लांब जोडनळी बसवावी, कारण कापलेले परत जोडण्यापेक्षा लांब असलेले कापणे सोपे. जुन्या अमेरिकी रेसरांची एक युक्ती अशी की, जोडनळीवर साध्या रंगाचा पट्टा ओढायचा, पूर्ण धाव घ्यायची आणि रंग जेथपर्यंत करपला तेथे नळी कापायची. ही युक्ती ढोबळ असली तरी पहिल्या कापासाठी पुरेशी आहे. त्यानंतर एका वेळी २५ मिलिमीटर कापावे आणि प्रत्येक लांबीवर किमान तीन धावा घ्याव्यात.

निकाल एकूण वेळेपेक्षा अंतिम रेषेजवळच्या वेगावरून जोखावा. टायर सुटताना घसरला तर वेळ बिघडते, वेग मात्र इंजिनाच्या ताकदीशी अधिक प्रामाणिक राहतो. सकाळची थंड हवा आणि दुपारचे ऊन यांतल्या धावांची तुलना करू नये. वेग उतरू लागला की आधीच्या लांबीवर परतावे.

सिलिंडर अधिक चांगला भरू लागला की मिश्रणात इंधन कमी पडू शकते. प्रत्येक बदलानंतर स्पार्क प्लग काढून पाहावेत, आणि ते अति पांढरे दिसल्यास कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारी छिद्रे) एक माप वाढवावेत. कापकाम पाइप पूर्ण थंड झाल्यावर, इंधनाच्या नळीपासून दूर करावे. जोडनळीचे अंतिम वेल्डिंग सर्व धावा आटोपल्यावरच.