टेबलमधील पाचवी ओळ नेमकी कशी काढावी?

डेटाबेसच्या टेबलमधील ओळींना स्वतःचा असा कोणताही क्रम नसतो, त्यामुळे ‘पाचवी ओळ द्या’ या मागणीला ‘कोणत्या क्रमाने पाचवी?’ हे ठरवल्याशिवाय अर्थच येत नाही. म्हणून क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या आज्ञेत, क्रम ठरवणारे ‘ऑर्डर बाय’ आधी लिहावे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींमध्ये त्यापुढे ‘लिमिट १ ऑफसेट ४’ असे लिहिले की पाचवी ओळ मिळते. लिमिट म्हणजे हव्या असलेल्या ओळींची संख्या आणि ऑफसेट म्हणजे वगळायच्या ओळींची संख्या असल्याने तेथे ५ लिहिल्यास सहावी ओळ हाती येते, आणि ही चूक मुरलेल्या माणसांकडूनही होते.

ज्या कॉलमवर क्रम लावला आहे त्यात सारखी मूल्ये असतील, उदाहरणार्थ तीन विद्यार्थ्यांना ८२ गुण असतील, तर त्या तिघांपैकी आधी कोण येईल याची हमी डेटाबेस देत नाही. त्यासाठी ‘ऑर्डर बाय’मध्ये शेवटी प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीत वेगळे मूल्य असणारा ओळखीचा कॉलम, जोडावी. ‘पाचवे सर्वाधिक गुण’ हवे असतील तर मात्र प्रश्नच वेगळा होतो आणि तेथे सारख्या मूल्यांना एकच क्रमांक देणारा ‘डेन्स रँक’ वापरावा.

ओरॅकल या प्रणालीत ‘रोनम = ५’ (रोनम म्हणजे निकालातील ओळीला मिळणारा क्रमांक) ही अट कधीच पूर्ण होत नाही, कारण रोनम हा क्रमांक ओळ अटीत बसल्यावरच पुढे सरकतो आणि येथे पहिलीच ओळ बाद होत राहते. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून ‘ऑफसेट’बरोबर, किती ओळी आणायच्या ते सांगणारे ‘फेच’ वापरता येते. ऑफसेट लाखांत गेल्यास वगळलेल्या ओळीही डेटाबेसला मोजाव्याच लागतात, तेव्हा क्वेरी मंदावते.