फिश टँकसाठी कमी वीज खाणारा पंप कसा निवडावा

आधी पाणी मोजा. ३ बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत काठोकाठ १९१ लिटर मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून १६० धरा. गोड्या पाण्याच्या साध्या टाकीला तासाला पंपातून सगळ्या पाण्याच्या चार-पाच फेऱ्या पुरतात, म्हणजे ६५० ते ८०० लिटर. दुकानात दहा फेऱ्या सांगतील. ऐकू नका, फायटर आणि गप्पी मासे तेवढ्या प्रवाहात दमतात.

खाली सम्प (फिल्टरची वेगळी टाकी, जिथून पंप पाणी वर चढवतो) असेल, तर खरी गफलत उंचीत होते. खोक्यावरचे ‘२००० लिटर प्रति तास’ शून्य उंचीवरचे असतात. शेजारच्या ‘एच-मॅक्स २ मीटर’चा अर्थ पंप २ मीटरवर पाणी देतो, असा लावला जातो. साफ चूक! तेवढ्या उंचीवर पाणी नळीत नुसतं उभं राहतं, बाहेर थेंब पडत नाही. सम्पमधल्या पाण्यापासून वरच्या टाकीतल्या पाण्यापर्यंत टेप लावा. पंपाच्या बुडापासून मोजू नका. हे अंतर १.२ मीटर भरलं, तर या पंपाचे ढोबळमानाने ८०० लिटर उरतात, आणि नळी-कोपरांत त्यातलेही काही जातात. खोक्यावर उंची आणि प्रवाहाचा आलेख छापलेला असेल, तर त्यावरच भरवसा ठेवा.

कॅनिस्टर फिल्टरला (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) हा हिशोब लावू नका. तिथे नळ्या बंद असतात, खाली उतरणारं पाणीच वर चढणाऱ्याला तोलतं. अडथळा फक्त नळीचा आणि स्पंजचा.

आता वॉट. १.२ मीटरवर सारखंच पाणी देणारे दोन पंप घ्या, एक २० वॉटचा, एक ४० चा. चोवीस तास चालून महिन्याला १४.४ आणि २८.८ युनिट. स्वस्त पंपावरचा वॉटचा आकडा मात्र प्लगमध्ये लावायच्या मीटरने तपासा.

पंपाचं तोंड २० मिमीचं असताना १२ ची नळी जोडून सगळी कमाई घालवू नका. प्रवाह जास्त झालाच, तर व्हॉल्व्ह बाहेरच्या नळीवर बसवा, ओढणाऱ्या बाजूला कधीच नाही. व्हॉल्व्ह आवळून वीज फारशी वाचत नाही. वेग कमी करता येणाऱ्या डीसी पंपात वाचते.

जोडल्यावर बादली लावा: १० लिटर ४५ सेकंदांत भरले, की तासाला ८००.

वीज गेल्यावर पाणी उलटं सम्पमध्ये उतरतं. पाणी वर आणणाऱ्या परतीच्या नळीला टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडा, म्हणजे त्यातून हवा शिरून उतरणं थांबतं, आणि महिन्याला इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) धुताना तेही टोकरा, शेवाळाने बुजतं.