मे महिन्यातला घरचा दिवस: कुत्रा, कुकर आणि पन्हं

उन्हाळ्यात घरी कुत्रा असेल तर दिवसाचं टाइमटेबल ऊन ठरवतं, हे एकदा मान्य केलं की स्वयंपाक, फिरणं, दुपारचं लोळणं सगळं आपोआप जागेवर बसतं. आमची चिंगी गावठी आहे, उन्हाला काटक, तरी मे महिन्यात आम्ही हाच क्रम पाळतो. पग किंवा शित्झूसारखं बसक्या नाकाचं कुत्रं असेल तर जास्तच कडक पाळा, त्यांना धापा टाकून अंग थंड करणं जड जातं.

पहिली फेरी सहाच्या सुमारास, चहाच्या आधी. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी उत्तम, मातीची वाट असते, पंजांना बरी पडते. फक्त पट्टा सोडू नका, तिथे मोर आहेत आणि कुत्रं मोरामागे सुटलं की हाका मारून काही उपयोग नसतो. आणि प्लीज त्याला ओढत नेऊ नका! एकाच झुडपाचा पाच मिनिटं वास घेत उभं राहिलं तरी राहू द्या, कारण त्याला फिरण्यातली मजा किलोमीटरमध्ये नाही मिळत, वासात मिळते, अर्धा तास नीट हुंगून आलेलं कुत्रं घरी येऊन शांत झोपतं. आल्यावर पाणी, आणि खाणं जरा अर्ध्या तासाने, धाप पूर्ण थांबल्यावर.

आता कुकर. दहाच्या आत ओटा आवरायचा असेल तर सगळं एकदम लावा: एका डब्यात तूरडाळ, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात लाल भोपळ्याच्या फोडी आणि वर एका वाटीत दोन कैऱ्या. कुकर उघडला की पहिलं काम म्हणजे कुत्र्याचा वाटा बाजूला काढणं, मीठ, हिंग, फोडणी काहीही पडायच्या आधी. भात, भोपळा, थोडं साधं वरण, त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन कुस्करायचं. मग आपल्या भोपळ्याला मेथीदाणे-हिंगाची फोडणी, लाल मिरची, गुळाचा खडा, वरून ओलं खोबरं. सालं काढली असतील तर ती टाकू नका, तीळ घालून चटणी करा.

हा वाटा आधी काढण्यावर मी इतका जोर देते त्याचं कारण कांदा-लसूण. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, शिजवला तरी तेच, आणि त्रास कधीकधी चार-पाच दिवसांनी दिसतो म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही की हे परवाच्या रश्श्यामुळे झालंय. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट पण नाहीच. शिजवलेली हाडं तर अजिबात नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. अजून एक, रोज फक्त घरचंच खाऊ घालणार असाल तर डॉक्टरांशी बोलून कॅल्शियमचं बघा, वरण-भातातून ते पुरत नाही.

कैऱ्या गार झाल्या की गर काढा, आंबटपणा बघून गराच्या दीड ते दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, वेलची, असेल तर केशर. हा गर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की कधीही दोन चमचे माठाच्या पाण्यात कालवायचे, झालं पन्हं! सरबताच्या विकतच्या बाटलीपेक्षा मला हे हजारदा आवडतं. चिंगीसाठी त्याच वेळी बिनमिठाचं पातळ ताक बर्फाच्या ट्रेमध्ये लावते, दुपारी एक खडा चाटत बसते. पहिल्यांदा देत असाल तर एकच द्या, काहींना दुधाचे पदार्थ सोसत नाहीत.

दुपारी काही करू नका, खरंच. पडदे ओढून फरशीवर आडवं व्हा, कुत्रं येऊन पायाशी पडतंच. आंबा खाल्लात तर एखादी बिनसालीची फोड त्यालाही चालते, पण कोय लगेच झाकणाच्या डब्यात, ती गिळली तर आतड्यात अडकते आणि ऑपरेशनपर्यंत जातं.

संध्याकाळी घाई नको. ऊन उतरलं तरी डांबर बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून आधी पालथा हात रस्त्यावर सात सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नका. आम्ही आठच्या आसपास निघतो. फिरताना लाळ चिकट व्हायला लागली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा झोक जायला लागला तर तिथेच सावलीत थांबून अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला, बर्फाचं पाणी नको, आणि सरळ डॉक्टर गाठा.

घरी आल्यावर गोचिडी बघितल्याशिवाय झोपू नका. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, पट्ट्याखाली. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा तेल ओतत बसू नका, हाताने चिरडू पण नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. नंतर आठ-पंधरा दिवसांत कुत्रं मरगळलं, खाणं सोडलं, अंग तापलं किंवा नाकातून रक्त आलं तर रक्ततपासणी लगेच करून घ्या, गोचीडताप वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो.