इजेनला सॅम्पल घ्यायला जाताय? आधी बाटल्यांचं वजन करा

इंडोनेशियात, पूर्व जावामधल्या कावा इजेन ज्वालामुखीवर तळ्याचं पाणी आणि वाफ गोळा करायला जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण मागच्या वेळी मी एकच गोष्ट विसरले आणि अकरा बाटल्यांचा निम्मा उपयोग गेला. बूट, टॉर्च, रेनकोट तुम्ही घ्यालच. परमिटचं मात्र खूप आधी सुरू करा, परदेशी माणसाला रिसर्चची परवानगी वेगळी काढावी लागते, टुरिस्ट म्हणून जाऊन सॅम्पल घेऊ असं मनातसुद्धा आणू नका.

आता मुद्द्याचं. वाफेसाठी गिगेनबाख बाटली लागते, म्हणजे आत थोडं कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि बाकी हवा काढून टाकलेली. कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू कॉस्टिकमध्ये विरघळतात, वाफेचं पाणी होतं, नायट्रोजन-हायड्रोजन वगैरे वर राहतात. एकूण किती आलं हे कळतं फक्त वजनातल्या फरकावरून, त्यातून बाकीचे वायू वजा केले की वाफ किती ते निघतं. म्हणून कॉस्टिक भरून, हवा काढून, तोटी बंद करून झाली की प्रत्येक बाटलीचं वजन करायचं. भरण्याआधी. मी विमानात कॉस्टिक चालत नाही म्हणून बाटल्या तिकडच्या एका लॅबमध्ये रात्री तयार केल्या, पहाटे 1 ला निघायचं होतं, वजन आल्यावर करू म्हटलं. आल्यावर कशाचं करणार? नंतर बाटल्या रिकाम्या करून, वाळवून वजन केलं, पण कॉस्टिक किती घातलं होतं ते अंदाजे 50 मिली, आणि त्या अंदाजावर वाफेचा आकडा कोणी धरत नाही. वजन आधी. काटा स्वतःचा न्या, तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

लोणारला काम केलेल्यांसाठी खास: तिथे पीएच 10 च्या आसपास, म्हणून मीटर 7 आणि 10 च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर, लावायची सवय असते. इजेनचं तळं 0.5 च्याही खाली आहे. खालून येणारे सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, फ्लोराइड सगळे त्या सुमारे 3 कोटी घनमीटर पाण्यात मुरतात, म्हणून ते असं आहे. 1.68 चा बफर घ्या, आणि त्याहून खाली जायला ताकद नेमकी माहीत असलेलं सल्फ्युरिक ॲसिड. पाण्याच्या बाटल्या प्लास्टिकच्याच, फ्लोराइड काच खातं. सिलिका मोजायची तर पाणी जागेवरच डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करायचं, नाहीतर थंड झाल्यावर तळाशी बसतं आणि आकडा कमी येतो. आणि किती पट पातळ केलं हे कशावरून कळणार? वजनावरून. म्हणजे याही बाटल्यांचं आधी वजन, डिस्टिल्ड वॉटर घालून परत वजन.

मास्क आम्ल वायूंच्या कार्ट्रिजचाच. गंधक वाहणारे कामगार 70-80 किलोच्या टोपल्या घेऊन तोंडाला ओलं फडकं बांधून चढतात, ते बघून तुम्ही फडक्यावर भागवू नका, फडकं हे वायू अडवत नाही. त्यांच्या वाटेतही उभं राहू नका. वारा फिरला आणि धूर अंगावर आला की सामान तिथेच टाकून बाजूला व्हा. मार्च 2018 मध्ये इथे वायू सुटून आसपासच्या लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं, त्यामुळे सरकारी इशाऱ्याची पातळी निघायच्या दिवशीही बघा.

नंबर बाटलीवर कोरून घ्या, झाकणावर नको, झाकणं बदलतात, आणि मार्कर तिथल्या ओल्या धुरात पुसला जातो, माझ्या 4 आणि 9 नंबरचं तेच झालं. वजन त्या नंबरासमोर वहीत, पेन्सिलने, आणि पानाचा फोटो.

वाफेच्या भोकात टायटॅनियमची नळी, आधी नळीतली हवा जाऊ द्या, मग तोटी उघडा, बाटली ओल्या कापडाने गार ठेवा, बुडबुडे थांबले की बंद.

बन्यूपाहित नदीचं सॅम्पल शेवटी ठेवा, पण घ्याच, हेच आम्ल पाणी खाली असेंबागुसच्या शेतांपर्यंत जातं.

परत आल्यावर बाटलीवरची गंधकाची पिवळी भुकटी पुसून, कोरडी करून, तोटी न उघडता त्याच काट्यावर दुसरं वजन. पहिलं केलं असेल तरच.